तीनच्या आत परत

१९८६ सालचा हिवाळा सरत आला होता, तेव्हा एका म्हाताऱ्या मोच्याने मला शिवून उजव्याशेजारी ठेवलं. मी डावा बूट. जीभ आम्हा दोघांनाही आहे, पण उजवा बोलत नाही. म्हणून दोघांचं मीच सांगतो.

आता आम्ही पाहुणघराच्या दाराशी फळीवर असतो. आमचे तळ दोनदा बदलून झाले. परगावाहून सभेत बोलायला येणारे वक्ते इथे उतरतात. ज्याची पेटी वाटेत राहते, त्याने आम्हाला खुशाल पायात घालावं. पण आधी ऐकून घ्या.

आम्हाला इथल्या रखवालदाराच्या मुलीने शिवून घेतलं. ती शिंप्याकडे काजं-बटणं करायची. तिच्या बाबांचा जन्म रबरी बुटांत गेला. ती म्हणाली, "माझ्या लग्नाला बाबा हेच बूट घालून उभे राहणार. नाहीतर मी सही करायची नाही."

"बूट बघून जावई येतोय का?" बाबा म्हणाले. पण मुलगी कामाला गेली की खोका उघडून ते आम्हाला पुसत. अजून धूळ लागलीच नव्हती, तरी पुसत.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी एक पाहुणा आला. मधमाश्यांवर बोलायला. त्याची पेटी भलत्या गाडीने भलत्या गावी गेली होती. पायात चपला, त्यांतल्या एकीचा अंगठा तुटलेला. सकाळी भाषण, आणि दुकानं बंद झालेली. बाबांनी त्याचे पाय पाहिले, आत गेले आणि आमचा खोका व मोज्यांचा जोड घेऊन निघाले.

आई दारात आडवी आली. "अहो, उद्या लेकीचं लग्न आहे ना?"

"ते तीनला. याचं भाषण सकाळी."

"आणि नाही आला परत तर?"

"येईल. मधमाश्यांचा माणूस आहे. घरी परतायचं त्याला ठाऊक असेल."

पाहुण्याचा पाय बोटभर मोठा निघाला. मी चावलो. माझा नाइलाज होता.

बाबांनी त्याला बाकावर बसवलं. "भाषणाचे कागद कुठायत?"

"पेटीत."

"कागद खिशात ठेवावेत. असू दे, तोंडाने बोला. लोक जागे राहतील. आता नीट ऐका. जाताना पुलावरची बस धरा, सकाळी पूल मोकळा असतो. परतताना पुलाचं नाव काढू नका. दुपारी बाजार सुटतो, मुंगीला वाट मिळत नाही. सभागृहामागच्या पायऱ्या उतरायच्या, नदीकाठची पायवाट धरायची. लाकडी साकव ओलांडला की समोर नोंदणी कचेरी. आणि अध्यक्षांशेजारी जेवायला बसू नका. ते उठल्याशिवाय उठता येत नाही."

"तीनच्या आत बूट तुमच्या पायात असतील," पाहुणा म्हणाला. "उसनं आहे. ठेवणार नाही."

भाषण छान झालं. तो सगळा वेळ एका पायावर भार देऊन बोलत होता. लोकांना वाटलं, ही त्याची ढब. जेवणावरून तो लवकर उठला. पायऱ्यांकडे वळला, तोच अध्यक्ष मागून आले. "चालत कशाला? माझी मोटार आहे की."

पाहुण्याने दोनदा नको म्हटलं. मोठ्या माणसाला तिसऱ्यांदा नको म्हणणं माणसांना जमत नाही.

मोटार पुलाच्या मधोमध थांबली ती थांबलीच. पुढे मोटारी, मागे हातगाड्या. अध्यक्ष विचारत होते, राणीमाशी किती वर्षं जगते. पाहुणा घड्याळ बघत होता. मग त्याने दार उघडलं आणि खाली उतरला.

चार पावलांत माझी टाच आतून ओली झाली. तो थांबला, वाकला आणि आम्हाला पायांतून काढलं. मला वाटलं, संपलं, इथेच टाकतो आता. पण त्याने आम्हाला छातीशी धरलं आणि नुसत्या मोज्यांवर पळत सुटला. आल्या वाटेने मागे, सभागृहामागच्या पायऱ्या उतरून, नदीकाठाने, साकवावरून. जन्मात पहिल्यांदा मी रस्ता वरून पाहिला. फार टोचरा असतो.

कचेरीच्या दारातच मुलीचा आवाज आला.

"बाबा, बूट कुठायत?"

"येतायत."

"बूट आपल्या पायांनी येतात होय?"

ती टेबलासमोर उभी होती. हातात पेन, पेनाला टोपण. बाबा रबरी बुटांत, मान ताठ. आई त्यांच्याकडे बघत नव्हती. जावई बिचारा छताकडे बघत होता.

"ताई, मागे माणसं खोळंबलीत," कारकून म्हणाला. "सही करा, नाहीतर उद्या या."

पाहुणा आत आला. बोलायला श्वास नव्हता. तो सरळ बाबांच्या पुढ्यात गुडघे टेकून बसला.

"अहो, उठा. हे काय चाललंय?"

"पाय."

बाबा आयुष्यात कोणाचं ऐकणारे नव्हते. त्यांनी पाय पुढे केला.

पाहुण्याने रुमालाने माझी टाच आतून पुसली. मग बाबांचा पाय आत आला. अगदी मापाचा. पाहुण्याने नाड्या ओढल्या, दुहेरी गाठ मारली. मग उजव्याची. त्याच्या मोज्यांना तळ उरला नव्हता.

मुलीने पेनाचं टोपण काढलं.

टेबलाला धरून पाहुणा उठला. "उसनं पोचलं," तो म्हणाला.