स्ट्रायकर आणि सोंगटी

क्षमाने टिचकी मारली. कॅरमचा स्ट्रायकर सुटला, सोंगटीवर टक्कन आदळला आणि सोंगटी टेबलावरून उडून पहिल्या बाकाखाली गेली. अकरावीच्या मुली हसल्या. मागे खुर्ची टाकून बसलेले मुख्याध्यापक टिपणीस हसले नाहीत.

"स्ट्रायकरने सोंगटीला ढकललं, हे दिसलं. सोंगटीने स्ट्रायकरला ढकललं का?" क्षमाने विचारलं.

"ती कशी ढकलेल, बाई? तीच तर मार खाते," मालन म्हणाली.

"मग स्ट्रायकर का मंदावला गं?"

मालन विचारात पडली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडू लागलं, आणि नेमकं तेव्हाच लाकडी पार्टिशनपलीकडून क्षमाच्या तान्ह्या नंदूचं रडणं आलं.

क्षमाने दाराकडे पाहिलं. पलीकडे कवायतीच्या सामानाची खोली होती. तिथे शिपायाच्या बायकोच्या, शेवंतीच्या मांडीवर तिने सकाळी आपलं मूल टाकलं होतं. सांभाळणाऱ्या शेजारच्या काकू तापाने फणफणल्या होत्या, आणि आज खाडा करणं शक्यच नव्हतं. आजचा तास पाहून सर तिला कायम करणार होते, नाहीतर घरी बसवणार होते. "मूल शाळेत दिसलं, तर त्या दिवसापासून तुम्हीही दिसू नका," असं त्यांनी नेमतानाच बजावलं होतं. नवरा मधुकर सॅनेटोरियमात खाटेला खिळलेला. या नोकरीखेरीज घराला टेकू नव्हता.

रडणं चढत गेलं. पदराखाली तिची चोळी दुधाने भिजू लागली. तिने पदर घट्ट ओढून घेतला.

"कुणाचं मूल आहे ते?" सरांनी विचारलं.

"शेवंतीकडे कुणी आलं असेल, सर." मालन उठून उभी राहिली. बाईंच्या पदराकडे तिने एकदाच पाहिलं होतं. "सर, हे क्रिया-प्रतिक्रियेचं तुम्हीच सांगा ना. तुम्ही सांगितलं की डोक्यात बसतं."

सरांचा जन्म संस्कृत शिकवण्यात गेला होता. तरी ते खुशीत उठले.

"मी दुसरा स्ट्रायकर आणते," असं पुटपुटत क्षमा बाहेर सटकली.

"ह्यो काय गप रवणा नाय, बाईनू. गळो सुकलो पोराचो," शेवंतीने नंदूला पुढे केलं.

डंबेल्सच्या पेटीवर टेकून क्षमाने त्याला पदराखाली घेतलं. तो हुंदके देतच पिऊ लागला. तिने डोळे मिटले.

"स्ट्रायकर जड," पार्टिशनमधून सरांचा आवाज येत होता, "म्हणून त्याचं बल मोठं, ते दाखवणारा फळ्यावरचा बाण लांब. सोंगटी हलकी. तिचं बल थोडं, बाण आखूड. लिहून घ्या."

तिचे डोळे उघडले.

"पण सर, बाई तर..."

"अगं, हत्तीचा धक्का आणि उंदराचा धक्का सारखा असेल का?"

वर्गात हशा पिकला. मग वह्यांची पानं उलटली. मुली उतरवून घेत होत्या.

कायम झाले तर उद्या दुरुस्त करीन, क्षमाने स्वतःला समजावलं. नंदूच्या घामेजल्या जावळावरून ती हात फिरवत राहिली. आणि नाही झाले तर? परीक्षा तोंडावर होती. आखूड बाण मुली पेपरात तसाच काढून येणार होत्या.

ती उठली. शेवंतीने हात पुढे केले, पण नंदूने पदर मुठीत आवळून पुन्हा टाहो फोडला. तिने त्याला तसंच खांद्यावर टाकलं.

"बाईनू, पोराक घेवन खंय चाललात?"

दारात तिला पाहून सरांचा खडू थांबला.

"सर, दोन्ही बाण सारखे हवेत."

सर नंदूकडे बघत राहिले. मग फळ्याकडे वळून म्हणाले, "सारखे? मग उडते ती सोंगटीच का?"

"बल दोघांवर सारखंच असतं, सर. हलकं असतं ते जास्त फेकलं जातं."

सरांनी खडू टेबलावर ठेवला, बोटं झटकली.

"तास संपला की ऑफिसात या."

त्यांच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात विरला. मालन पुढे आली.

"बाई, द्या त्याला माझ्याकडे."

"राहू दे. आत्ताच डोळा लागतोय."

मोकळ्या हाताने खडू उचलून क्षमाने आखूड बाण ओढत ओढत लांब बाणाएवढा केला. रेघ जराशी वाकडी आली.

"आता सांगा, स्ट्रायकरचा गेलेला वेग कुठे गेला?"

दोन-तीन हात घाईघाईने वर झाले.

"सावकाश," ती म्हणाली. "तास आहे अजून."