मराठीतून ओरडणारा बाप

रवींद्र दातारला विचाराल तर तो छातीठोकपणे सांगेल, की रिंकवर आपण कधी नियम मोडला नाही. नियम साधा होता. मुलांच्या आइस हॉकीत रेफरीवर ओरडणाऱ्या पालकानं बाहेर जायचं, आणि तो जाईपर्यंत खेळ बंद. पण परदेशात, बॉटनी डाउन्स नावाच्या उपनगरात स्थायिक झालेला हा पुणेकर पडला सॉफ्टवेअरवाला, पळवाट शोधणारच. तो मराठीतून ओरडायचा!

त्या रविवारी फायनल होती. त्याची मुलगी इरा कॅप्टन. स्कोअर बरोबरीत, वेळ संपत आलेली, आणि नेमकं तेव्हाच रेफरीनं इराच्या टीममधल्या सानिकाला पेनल्टी देऊन बाहेर बसवलं. रेफरी तरी कोण, सोळा-सतरा वर्षांची पोर. रवींद्र ताडकन उठला.

"अगं ए आंधळे! डोळे काय घरी ठेवून आलीस? हिच्या हातात शिट्टी दिली कुणी? जा, भांडी घास!"

"रवी, खाली बस," बायको नीता पुटपुटली.

"तिला काय कप्पाळ कळतंय?"

कळलं नाहीच. त्या बिचारीला वाटलं, हे गृहस्थ शाबासकी देताहेत. तिनं हसून हात केला.

ते मात्र इराला बघवलं नाही. ही पोरगी उत्तरं इंग्रजीत द्यायची, पण मराठी कळायचं तिला सगळं, भांड्यांसकट. ती सरळ रेफरीपाशी गेली आणि काहीतरी म्हणाली. रेफरीचा चेहरा पडला. शिट्टी वाजली, तिनं रवींद्रकडे बोट केलं आणि मग दाराकडे.

अख्खा रिंक वळून बघायला लागला. रवींद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोटच्या पोरीनं चुगली करावी, आणि तीही फायनलमध्ये?

"जा आता," नीता म्हणाली. "पोरी ताटकळल्यात तिकडे."

तो गाडीत जाऊन बसला. आतून आरोळी आली, पण कुणाची ते कळेना. बऱ्याच वेळानं इरा किटबॅग ओढत आली.

"वी लॉस्ट."

"हरणारच! माझी शोभा करून काय मिळवलंस? तिला एक अक्षर कळलं नव्हतं."

इरा एरवी तडातडा इंग्रजीत भांडली असती. आज ती अडखळत, मराठीत बोलली. "तिला नाही कळलं, बाबा. मला कळलं. दर मॅचला कळतं." मग म्हणाली, "पुढे मला पण रेफरी व्हायचंय. मला कुणाचा बाबा असं बोलला तर तू काय करशील?"

रवींद्रला त्या शिट्टीवालीच्या जागी इरा दिसली. तो गाडीतून उतरला.

"नाव काय गं तिचं?"

"हॅना."

आत हॅना बाकावर बसून स्केट्सच्या नाड्या सोडत होती. पालक अजून घोळक्यानं उभे होते. त्यांच्या देखत रवींद्र तिच्यासमोर गेला, आणि मघाशी ओरडला होता तेवढ्याच मोठ्यानं, इंग्रजीत, आपण काय काय बोललो ते सांगून तिची माफी मागायला लागला.