बाळारामदादांचे शुद्ध जल

पृथ्वीचा भार शेषाच्या मस्तकावर आहे, असे मी शाळेत शिकवीत असे. यंत्रमागांच्या कामतघर वस्तीत मात्र तो बाळारामदादांच्या डाव्या खांद्यावर होता, आणि त्यात मुख्यतः सूत होते. सुताने गुंडाळलेला लोखंडी बीम दोघांनी खांद्यावरून लूमपर्यंत न्यायचा. पुढच्या टोकाचे गडी बदलत राहिले, मागचे टोक वीस वर्षे त्यांच्याकडेच राहिले. त्या खांद्याला ओंजळभर खळगा पडला होता. सकाळच्या तिरप्या उन्हात तरंगणारे कापसाचे तंतू येऊन त्यात विसावत, आणि बीम उतरवल्यावर दादा तो खळगा उजव्या हाताने हलकेच झटकत. देवळाच्या पायरीवरचे पान बाजूला सारावे तसे.

पेट्रोल महागले तेव्हाची, सत्तरीच्या दशकातली ही गोष्ट. कारखान्याच्या शेठनी गोदीतल्या लिलावातून विजेवर चालणारी जुनी मालगाडी आणली: चार चाके, एक सपाट फळी, चालवणाऱ्याला उभे राहण्यापुरती जागा आणि पोटात मेलेल्या बॅटऱ्या. गाडी ढकलतच अंगणात आली. तिला हार घातला, नारळ फोडला, शेठ नव्या युगाविषयी चार शब्द बोलले. युग जागचे हलले नाही.

दादांचा खांदा तोवर हात वर उचलू देईनासा झाला होता. शेठनी सरळ सांगितले, "दिवालीपर्यंत गाडी चालली तर तूच चालव. न्हाय चालली, तर मी बीमला जवान गडी बघतो."

निजामपुऱ्याचे बॅटरीवाले गफूरभाई आले. एकेक झाकण उघडून, नाडी पाहावी तसे आत पाहत म्हणाले, "मरी नहीं है, सोयी है. मगर जल्दबाजी नहीं, बाबा." रोज थोडीथोडी वीज पाजणे सुरू झाले. तेवढे दिवस दादा गाडीपाशी उकिडवे बसत. आतल्या बुडबुड्यांचा आवाज लूमच्या खडखडाटात ऐकू येणे अशक्य होते. ते मात्र कान लावून, गाणे ऐकावे तशी मान डोलवीत.

नवव्या दिवशी गाडी चालली. त्या अखंड गदारोळातून एक नि:शब्द वस्तू सरकत आली, आणि तिच्यावर दादा उभे होते, दोन्ही खांदे प्रथमच एका रेषेत.

"आयला, भूत हाय का काय!" एक लूमवाला ओरडला.

"भूत न्हाय, तुझा बाप हाय," दादा म्हणाले.

गफूरभाई पुतणीच्या लग्नासाठी महिनाभर मुलखाला गेले. जाताना सांगून गेले, "पानी कम मत होने देना. कौनसा पानी, वो पट्टी पे लिखा है." बॅटरीवर चिकटवलेली ती पट्टी इंग्रजीत होती, आणि मी समोरच्याच चाळीत राहत होतो.

"मास्तर, कंचा पानी घालाचा, ता वाचून सांगा."

पट्टीवर दोनच शब्द होते. ते होते तसे वाचले असते तरी पुरे होते. पण मी मराठीचा शिक्षक. म्हणालो, "शुद्ध जल." एवढ्यावरही थांबलो नाही. नळाचे नव्हे, विहिरीचे नव्हे. अग्नीच्या संस्काराने निर्मळ झालेले, असे विवरण केले.

"समजला," दादा म्हणाले.

रविवारी ते उपाशीपोटी एस.टी.ने अकलोलीला गेले. ज्या पाण्याला खुद्द धरणीने अग्नी दिला, त्याच्या गरम कुंडात स्नान करून त्यांनी तांब्याची कळशी भरली आणि दुखऱ्या खांद्यावरून घरी आणली. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात ती कळशी मी पाहिली. घरात पूजा असेल, असे वाटले.

दसऱ्याला गाडीने झेंडूची माळ घालून मिरवले. त्यानंतर तिची चाल मंदावत गेली, आणि एका दुपारी अंगणाच्या मध्यावर, बीमसकट, ती थांबली. परतलेल्या गफूरभाईंनी झाकण उघडून वास घेतला.

"ये कौनसा पानी डाला?"

"अकलोलीचा. उपाशी जाऊन आनला, भाई. मास्तरांनी सांगला तसा."

गफूरभाईंनी माझ्याकडे पाहिले. हसले असते तर बरे झाले असते. "अब नहीं उठेगी," एवढेच ते म्हणाले.

दादांनी मला दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी वाटेत थांबवून त्यांनी फक्त विचारले, "मास्तर, पानी थंड करून घालाया पायजे व्हता का?"

मी म्हणालो, "असेल."

दिवाळीच्या आधी ते गावी गेले, उजव्या खांद्यावर गाठोडे घेऊन. दोन-तीन वर्षांनी ते वारल्याचे कोणीतरी सांगितले. ते पाणी थंड केले नाही, ही चूक ते बरोबर घेऊन गेले असावेत. ती माझी होती. गाडी अंगणात तशीच राहिली. त्यांची पावले जिथे टेकत तिथे कापसाचे तंतू येऊन बसत, आणि ते झटकणारा हात नसल्यामुळे हळूहळू त्यांचा थर झाला. माणूस नाहीसा झाल्यावर काळ त्याची जागा कशाने भरतो, हे मी त्यानंतर पुष्कळदा शुद्ध मराठीत लिहून पाहिले आहे.

बॅटरीत घालायचे पाणी तेव्हा नाक्यावरच्या सायकलच्या दुकानात बाटलीत मिळत असे. त्याला सगळे डिस्टिल वाटर म्हणत. दादासुद्धा.