दाब पडला की पाणी

चंद्रपूरकडच्या मूल गावाजवळच्या डोमाजीची पोरगी दिव्यानी अंदमानातल्या एका लहानशा बेटावर हवामानखात्यात नोकरीला होती. रोज सकाळी यंत्रावर हवेचा दाब बघायचा, आकडा वर कळवायचा आणि मग बापाला फोन लावायचा. डोमाजी सातवी पास, पण तीन पावसाळ्यांत एवढं मात्र पक्कं शिकला होता: तिथं दाब पडला की चार-पाच दिवसांनी इथं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी. अख्खं गाव त्याला विचारून रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या, बाया कामाला सांगायचं. खरं सांगायचं तर माणूस नुसता फुगून गेला होता.

यंदा जुलै अर्धा सरला तरी आभाळ कोरडंच. रोवायला वाढवलेले धानाचे पऱ्हे पिवळे पडायला लागले, आणि त्यातच त्याच्या बायकोला, गिरजाबाईला ताप भरला.

"दिव्यानीले बलाव ना," सोमवारी ती म्हणाली. "मले तिले पाह्यचं हाय."

त्याच सकाळी दिव्यानीनं दाब हजार सहा सांगितला होता. मंगळवारी हजार तीन. डोमाजीला आनंद मावेना. "अवो, दाब पडून राह्यला! पाणी येऊन राह्यलं! रोवणी होऊ दे, मंग बलावतो. आत्ता काऊन पोरीचा जीव घाबरा करतं?" पोरीनं फोनवर "आई कशी हाय?" विचारलं, तर पठ्ठ्यानं ठोकून दिलं, "मजेत हाय."

बुधवारी आकडा हजाराच्या खाली आला. डोमाजीनं शेजारच्या लटारूला हाक मारून वीस बाया सांगायला लावल्या. दुपारी गिरजाबाईला धाप लागली. गाडी करून चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा कुठं या माणसानं पोरीला खरं सांगितलं.

"आता सांगता, बाबा? सकाळीच बोटी बंद झाल्या! समुद्र खवळला हाय, हेलिकॉप्टरबी नाई. काल शेवटची बोट गेली. दोन दिवस तुमाले आकडा सांगून राह्यली होती ना मी!"

आकडा तर त्याला तोंडपाठ होता. पण त्या आकड्यापाशी आपली पोर उभी आहे, आणि दाब पडला की तिची वाट बुडते, हे त्या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही. बांधीच दिसली मेल्याला!

गुरुवारी पहाटे गिरजाबाई गेली. घरी आणल्यावर डोमाजीनं दिवसभर तिला कुणाला उचलू दिलं नाही. पोरगी येते, थांबा, हेच एक. शुक्रवारी सकाळी लटारू त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "डोमाभाऊ, पाणी येते म्हणून तूच सांगतलं न बाप्पा. सरण भिजन." मग उचलावंच लागलं. शनिवारी पाणी आलं, धो धो आलं. सगळ्या बांध्या भरल्या.

रविवारी दिव्यानीचा फोन आला. आकडा तिनं सांगितला नाही.

"आई जाताना काई बोलली का, बाबा?"

खोटं बोलावं असं फार वाटलं त्याला. पण जीभ वळेना. "तुलेच बलाव म्हणे, बेटा. सोमवारपासून म्हणे. मीच म्हटलं, रोवणी होऊ दे."



"मंग झाली का, बाबा, रोवणी?" तिनं विचारलं.