गुडघ्याएवढं कुंपण

दीर फाटकापासूनच ओरडत आला. "वहिनी, डोकं फिरलंय का तुमचं? बाबांचं कुंपण संपवायला निघालात?"

"संपवत नाही. गुडघ्यापर्यंत कापतेय," ती म्हणाली, पण करवत काही थांबवली नाही.

कुंपण दोन घरांच्या मधलं. थोरला मुलगा आधीच गेलेला, म्हणून मरताना सासऱ्याने सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं: हे कुंपण जिवंत आहे तोवर अलीकडची पट्टी थोरल्या सुनेची. धाकट्याला त्याच पट्टीवर गाडीची शेड हवी होती, तिच्या स्वयंपाकघराच्या एकुलत्या खिडकीला चिकटून.

झुडपं बारमाही हिरवी खरी, पण वर्षानुवर्षं नुसती वरवर भादरलेली. बाहेरून गोंडस, आत वाळक्या काटक्या. थेट धाकट्याच्या गोड बोलण्यासारखी. बुडातून कुत्रं आरपार जायचं. असंच राहिलं असतं तर कुंपण आपल्या मरणाने मेलं असतं, आणि दीर त्याचीच वाट बघत होता. म्हणून थंडी सरताच तिने करवत काढली.

खुंट बघून त्याचा राग एकदम उतरला. हसलाच मेला. "कापा, कापा! आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा. नाही फुटलं तर पावसाआधी शेड उभी करतो."

"आणि फुटलं तर?"

"तर नाव बदलेन."

"नाव राहू द्या, भावजी. तोंड बंद ठेवलंत तरी पुरे."

तिने बुडाशी शेणखत घातलं, पाणी दिलं. पलीकडून धाकटी जाऊ खिदळायची, "काय जाऊबाई, सरपणाचा धंदा काढलात?" ती मात्र रोज नखाने साल खरवडायची. खाली हिरवं दिसलं की गुपचूप आत जायची.

दिराला दम कुठला! गवंडी घेऊन आला आणि तिच्या खिडकीवरून दोरी ताणायला लावली. ती दारात उभी होती, पण तिला विचारतो कोण? दोरीचं टोक खुंटाला बांधायला गवंडी वाकला आणि तसाच थांबला. जुनाट सालीतून बाजरीच्या दाण्यांएवढे लाल कोंब फुटले होते.

"साहेब, हे तर जिवंत आहे," म्हणत त्याने दोरी गुंडाळली.

पुढच्या वर्षी कुंपण असं दाटलं की उंदीर शिरेना. आता दिराच्या पोटात दुखू लागलं. त्याच्या घरापुढची सरूची रांग फुगून वाट अडवत होती.

"वहिनी, किती खाली कापलं होतंत हो?" त्याने कुंपणावरून विचारलं.

सरूचं लाकूड उघडं पडलं की पुन्हा फुटत नाही. पाला राखूनच कापावं लागतं. माहेरी बापाने अख्खी रांग अशीच मारली होती. शब्द तिच्या ओठांवर आला. तेवढ्यात खिडकीवरची ती दोरी आठवली.

"गुडघ्यापर्यंत," ती म्हणाली.

त्याने कापलं. शेणखत घातलं, पाणी ओतलं. खुंट तपकिरीचे करडे झाले. रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला आता थेट त्याची बैठक दिसायची आणि तीत बनियनवर लोळणारा तो.

शेवटी आला. "वहिनी, हे फुटणार कधी?"

ती कुंपणाचे शेंडे खुडत होती. "नाही फुटणार. सरू आहे तो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"घरातल्या माणसाशी असं वागतात, वहिनी?"

"दोरी ताणलीत तेव्हा मीही घरातलीच होते," ती म्हणाली आणि पुढच्या झुडपाकडे वळली.