पाचशे अठ्ठावीस फूट

कवितेला अवकाश लागतो, हे चिरंतन सत्य कराडचं काव्यग्रंथालय नव्या जागेत गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सिद्ध झालं. प्रत्येक पुस्तकाला आपापली खोली फुटली. स्वच्छतागृह मात्र एकच राहिलं, आणि तेही नेमकं खंडकाव्यांच्या पलीकडे.

खोल्यांचं गणित सरळ होतं. पुस्तक जितक्या वेळा कुणी घरी नेलं, तितके फूट लांबी. मागच्या पानावरच्या चिठ्ठीतले तारखेचे शिक्के मोजायचे आणि टेप लावायची. इंचाचा फरक पडत नव्हता. गावातले एक कवी हौसेने आपली खोली बघायला आले. ती चार फूट भरली. त्यातले तीन फूट त्यांचे स्वतःचेच होते. त्यांनी वाकून आत पाहिलं, "उजेड बरा आहे," म्हणाले आणि चहा न घेता गेले.

विश्वस्तांनी लगेच ठराव केला: ज्याची खोली नाही, ते पुस्तक यादीतून बाद.

ग्रंथपाल शैलजाबाई उकिडवे यांनी ठराव सुवाच्य अक्षरात लिहून घेतला आणि डावा गुडघा चोळत त्या बसून राहिल्या. जुन्या जागेतही असाच नियम होता. जागा अपुरी, म्हणून दोन वर्षं कुणी न नेलेलं पुस्तक बाद. त्यांच्या यजमानांचा, पाटबंधारे खात्यातल्या दिवाकर उकिडव्यांचा, एकुलता एक संग्रह होता. यजमान गेले, बाकीच्या प्रती पुरात गेल्या, आणि उरलेली एक प्रत ग्रंथालयात राहिली. ती कुणी नेत नव्हतं. मग एका सोमवारी बाईंनी रजिस्टरात लिहिलं, 'प्र. शं. गानू, वय ६१, मंगळवार पेठ', आणि शिक्का मारला. गानू नावाचं कुणी नव्हतं. पंधरा दिवसांनी गानूंनी पुस्तक परत केलं, तेव्हा ते फळीवर इतकं एकटं दिसलं, की बाईंनी ते 'विठाबाई सोनटक्के, वय ५४' यांना देऊन टाकलं. असं बावीस वर्षं चाललं. नावं तेहेतीस झाली. प्रत्येकाने पुस्तक सोळा वेळा नेलं, कारण बाईंना कुणावर अन्याय करायचा नव्हता.

दिवाकररावांची खोली पाचशे अठ्ठावीस फूट भरली. ती शेजारच्या भुसार गोदामातून आरपार गेली. गोदामवाल्याने तक्रार केली नाही. पोती टेकवायला भिंत मिळाली, म्हणाला.

अध्यक्ष भाऊसाहेब जगदाळे टेपचं दुसरं टोक धरून चालत गेले, ते चहाच्या वेळेला परत आले.

"बाई, मिस्टरांचं पुस्तक एवढं वाचलं जायचं, आणि तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"विषय निघाला नाही."

"आता निघालाय. उद्घाटन याच खोलीत करू. आणि हे तेहेतीस वाचक बोलवा. शाल-श्रीफळ देऊ एकेकाला."

"ते येतील असं वाटत नाही, भाऊसाहेब."

"न यायला काय झालं? नारळ कुणाला नको असतो का?"

रविवारी सकाळी अकराला ते आले. थोडा उशीर झाला, कारण बाईंनी पत्ते अर्धवट लिहिले होते. वयं लिहिल्या दिवशी होती तेवढीच होती. रजिस्टरात नाव, वय आणि पत्ता एवढंच असल्यामुळे बाकीचं त्यांना बाईंकडूनच घ्यावं लागलं होतं. तेहेतीसही जण डाव्या पायाने लंगडत होते.

भाऊसाहेबांनी पहिली शाल गानूंच्या खांद्यावर टाकली. "गानूसाहेब, सोळा वेळा नेलंत. एखादी आवडती ओळ होऊन जाऊ द्या!"

गानूंनी बाईंकडे पाहिलं. "नेलं होतं," ते म्हणाले. "वाचलं नाही."

मागची भिंत सोळा फूट पुढे आली. आवाज अजिबात झाला नाही. फक्त शेवटच्या रांगेतल्या लोकांना उठून उभं राहावं लागलं.

"बरं, असू द्या. सोनटक्केबाई, तुम्ही?"

"टेबलावर होतं. दिसायचं येता-जाता."

आणखी सोळा फूट. गोदामातली पोती धप्पकन पडल्याचं ऐकू आलं.

"उघडलं तरी असेल एकदा?"

"मला नेऊन परत द्यायला सांगितलं होतं. वाचायचं कुणी सांगितलं नव्हतं हो."

ते काही वाईट लोक नव्हते. खोटं बोलायला त्यांना येत नव्हतं, इतकंच. एकेकजण शाल घेई, नारळ घेई, "नाही वाचलं" म्हणे आणि लंगडत दाराबाहेर जाई. श्रोते खुर्च्या डोक्यावर घेऊन दाराकडे सरकत सरकत रस्त्यावर पोचले. शेवटचे वाचक कुणी मोहिते म्हणून होते. त्यांनी निघताना बाईंच्या कानाशी वाकून "माफ करा, वहिनी" म्हटलं. मग खोलीत बाई, त्यांच्या हातातलं पुस्तक आणि पाठीला टेकलेली भिंत, एवढंच उरलं. उंबऱ्यापलीकडून भाऊसाहेब हळू आवाजात बोलत होते.

"बाई, रडू नका. एक वाचणारा असला तरी खोली राहते. मी लिहून देतो ठरावात. तुम्ही वाचलंय ना? कुठलीही ओळ म्हणा. आम्ही पडताळणार नाही."

भिंत थांबून होती.

संग्रह आला त्या दिवशी दिवाकररावांनी विचारलं होतं, "वाचलंस?" आणि पोळ्या लाटता लाटता त्या म्हणाल्या होत्या, "वाचलं. छान आहे." ते तीन दिवस खुशीत होते. चौथ्या दिवशी ऑफिसात त्यांच्या छातीत कळ आली.

बाईंनी पुस्तक उघडलं. अर्पणपत्रिका त्यांना पाठ होती; तीत त्यांचंच नाव होतं. त्यापुढची पानं बांधणीवाल्याकडून आली तशीच कडेला जोडलेली होती, आणि त्यातलं एकही कधी कापलेलं नव्हतं.