फेट्यापायी शीव

हिवरवाडीच्या तिन्ही अंगाला हिंगोली जिल्हा, अन् मदी आमी परभणीत. नकाशात बघितलं तर जिल्ह्यानं जीभ बाहीर काढल्यावानी दिसतंय. असली शीव कोन्या शहान्यानं आखली म्हनाल, तर आमच्याच वाडीच्या पुढाऱ्यानं, आबासाहेबानं.

जिल्हा फुटला तवा वाडी हिंगोलीत जानार हे ठरलेलंच व्हतं. बाजार, शाळा, दवाखाना, समदं वढ्यापल्याड, हाकेवर. पन एका लग्नात आबासाहेबाला त्यांच्या मेव्हन्यानं, पल्याडच्या रंगनाथानं, आहेराचा फेटा बांधला न्हाई. आबासाहेब कडाडले, "साल्याच्या जिल्ह्यात म्या ऱ्हानार न्हाई!" मोठमोठ्या दारात खेटे घातले अन् वाडी परभणीतच राखली. पुढं सोयरे सोयरे गोड झाले, आबासाहेब परभणीला बंगल्यात गेले. आमी हितंच.

वढ्यावर पूल मागावा तर अल्याडचे साहेब म्हनतेत, पल्याडचा काठ आमचा न्हाई. पल्याडचे म्हनतेत, अल्याडचा न्हाई. दोन घरचा पाव्हना उपाशी.

मागल्या पावसाळ्यात कमलबाईच्या मालकाला, आश्रुबाला, सोयाबीन निंदताना पान लागलं, साप चावला. बाजंवर घालून वढ्यापाशी आनलं, तर वढा दुथडी. पल्याड दवाखान्याचं छप्पर दिसायलंतं. पानी उतरलं तवर आश्रुबा गार पडला. कमलबाई रडली न्हाई. नुसती त्या छपराकडं बघत बसली.

यंदा श्रावनात आबासाहेब रंगनाथाकडं पुरनाचं जेवून निघाले अन् जवळची वाट म्हनून वढ्यात जीप घातली. ती मधोमध रुतली. वर कुठंतरी पाऊस झालेला, पानी चढायलं. आबासाहेब टपावर.

"अय, ट्रॅक्टर आना!"

निंदनाऱ्या बाया काठावर जमल्या. कमलबाई पुढं झाली.

"आबासाहेब, कोन्या जिल्ह्यात रुतलाव?"

"मस्करी सोड, कमल! पानी वर यायलंय!"

"मस्करी कशाची? अल्याडचा ट्रॅक्टर आनला तर पल्याडचे रागावतेल. आधी त्यायला इचारा."

"अगं, मरतो ना म्या!"

कमलबाईचा आवाज खाली आला. "आमचे मालक हितंच गेले. त्यायला तर वरडायचं बी तरान नव्हतं. तुमच्यापाशी फोन हाय. तुमचा शब्द चालतो म्हनतेत. लावा."

खरं तर ट्रॅक्टर आनायला तिनं आपल्या लेकाला, सिद्धोधनला, आधीच पळवलं व्हतं. मानूस मरताना बघत बसायचं काळीज न्हाई तिचं. पन हे टपावरच्याला कुठं ठावं? त्यांनी भिजल्या अंगानं अल्याडच्या साहेबाला लावला, मग पल्याडच्याला. इतकी वर्सं ज्यांना वाडीचं नाव आठवत नव्हतं, त्यांना त्या दिशी वढ्याचं पानी बी मोजून ठावं झालं. तवर ट्रॅक्टर आला अन् आबासाहेब काठाला लागले.

दिवाळीआधी वढ्यात सिमेंटचे नळे पडले, वर रस्ता झाला. दोन्हीकडचे साहेब आले. दोघांनी आपापला नारळ फोडला, भाषनं ठोकली. आश्रुबाचं नाव कोनीच घेतलं न्हाई. कमलबाई मागं हुबी व्हती, तशीच घरी गेली.

संक्रांतीच्या सुमाराला तिच्या सुनंला, बबिताला, कळा यायल्या. रिक्षा नळ्यावरून नीट दवाखान्यात. नर्सबाईनं कागद पुढं वढला.

"जिल्हा कोनता, आजी?"

"बाई," कमलबाई म्हनली, "आधी लेकरू बाहीर येऊ द्या. मंग त्यालाच इचारू, त्याला कोनता पायजे."

नर्सबाई हसली, कागद बाजूला सारला अन् हात धुवायला गेली.